मोबाईलवर जमलेली गर्दी पुढे टिकते का? २०११ पासूनची पार्श्वभूमी

आंदोलन ट्रेंड झालं की निम्मी लढाई जिंकली, असं आपल्याला वाटायला लागलं ते साधारण २०११ पासून. त्याआधी मोबाईलवरून माणसं जमलीच नव्हती असं नाही, २००१ च्या जानेवारीत फिलिपिन्समध्ये लोक एसएमएस फॉरवर्ड करत करत मनिलाच्या एडसा रस्त्यावर जमले आणि राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडांना चार दिवसांत खुर्ची सोडावी लागली. पण २०११ ची गोष्टच वेगळी. जानेवारीत कैरोचा तहरीर चौक, एप्रिलमध्ये जंतरमंतरवर अण्णा, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला वॉल स्ट्रीटजवळचा पार्क. टीव्हीवर तेव्हा 'फेसबुक क्रांती' हा शब्द इतका वाजला की लोकांना खरंच वाटलं, पेज काढलं की सरकार पडतं.

इजिप्तचं बघा. अलेक्झांड्रियात जून २०१० मध्ये खालेद सईद नावाचा तरुण पोलिसांच्या मारहाणीत गेला, त्याच्या नावाने फेसबुक पेज निघालं, ते चालवत होता गुगलमध्ये काम करणारा वाएल घोनिम, आणि त्याच पेजवरून २५ जानेवारीची हाक गेली. सरकारने घाबरून देशभरातलं इंटरनेट बंद केलं तरी लोक हटले नाहीत, उलट घरात बातमी कळेना म्हणून आणखी बाहेर पडले, आणि १८ दिवसांत मुबारक गेले. पण मग निवडणूक आली तेव्हा गल्लोगल्ली माणसं कोणाकडे होती? १९२८ पासून काम करणाऱ्या मुस्लिम ब्रदरहूडकडे, आणि दुसऱ्या बाजूला लष्कराकडे. पेजवाल्या पोरांकडे ना बूथला बसायला माणूस, ना आपसात ठरवायची काही पद्धत. २०१२ ला ब्रदरहूडचे मोर्सी निवडून आले, २०१३ च्या जुलैमध्ये लष्कराने त्यांना काढलं, विषय संपला. उत्तर आफ्रिकेतल्याच ट्युनिशियात फेसबुक तितकंच होतं, पण तिथे देशभर शाखा असलेली जुनी कामगार संघटना पण होती, तिने पुढे सगळ्यांना एका टेबलावर बसवलं, २०१४ ला राज्यघटना आली, २०१५ चं शांततेचं नोबेल ज्या चार संस्थांना मिळालं त्यात ती होती. २०२१ मध्ये तिथलंही गणित विस्कटलं, पण दहा वर्षं तर निघाली.

झेनेप तुफेक्ची म्हणून तुर्की वंशाच्या अभ्यासक आहेत, त्या तहरीरमध्ये स्वतः फिरल्या होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पूर्वी लाखाचा मोर्चा निघाला तर सरकारला कळायचं की यामागे वर्षानुवर्षांचं काम आहे, आता लाखाचा मोर्चा आठ दिवसांत निघतो, त्यामुळे आकड्यावरून मागची ताकद कळतच नाही. मला वाटतं, हे आपल्याकडच्या प्रकरणांना जितकं लागू पडतं तितकं दुसरं काही पडत नाही.

अण्णांचंच घ्या ना. २०११ ची मिस्ड कॉलची मोहीम, 'मी अण्णा' लिहिलेल्या टोप्या, रामलीला मैदान, सगळ्यांना आठवतं. पण त्याच अण्णांनी त्याआधी माहिती अधिकारासाठी जी लढाई केली ती कोणाच्या टाइमलाइनवर नाहीये, कारण टाइमलाइनच नव्हती. तालुक्या-तालुक्यात भ्रष्टाचार विरोधी जन आंदोलनाच्या समित्या, दौरे, पत्रकं, मग ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण, आणि राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची सही आली. दोन वर्षांनी देशाचा कायदा आला त्यामागे अशी बरीच वर्षांची, बऱ्याच लोकांची मेहनत होती. आता २०११ च्या डिसेंबरात काय झालं बघा. दिल्लीत थंडी म्हणून उपोषण मुंबईला बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर आणलं, एवढं मोठं मैदान, आणि माणसं मोजकीच, कॅमेरावाल्यांना गर्दी दाखवायला अँगल सापडेना. तब्येतीचं कारण होतंच, पण तीन दिवसांचं उपोषण दुसऱ्या दिवशीच सुटलं. टीममध्ये पक्ष काढायचा की नाही यावरून फाटलं, २०१२ ला आम आदमी पक्ष निघाला, लोकपाल कायदा २०१३ च्या डिसेंबरात संसदेत पास झाला आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्या मिस्ड कॉलवाल्यांपैकी किती जणांनी विचारलं की बाबा लोकपाल कुठाय? मार्च २०१८ मध्ये अण्णा परत त्याच रामलीला मैदानावर बसले. २०१६ ला जिओ आल्यापासून नेट फुकटच्या भावात, २०११ पेक्षा कितीतरी जास्त लोकांच्या हातात स्मार्टफोन, आणि मैदान तरी रिकामं. म्हणजे फोन असणं-नसणं हा मुद्दाच नव्हता.

आपल्याकडची जुनी लांबलेली आंदोलनं याच्या अगदी उलटी. संयुक्त महाराष्ट्राला आचार्य अत्र्यांचा 'मराठा' होता, शाहीर अमर शेख होते, अण्णाभाऊ साठे होते, प्रचाराला काही कमी नव्हतं, पण त्याच्या खाली समिती होती आणि त्या समितीत एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र बसत होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला, मध्ये साडेपंधरा वर्षं, लाँग मार्च, तुरुंग, जाळलेल्या वस्त्या. एवढा काळ नुसत्या संतापावर कोणी टिकत नाही.

आता पुणतांबा. राहाता तालुक्यातलं गाव, एप्रिल २०१७ मध्ये ग्रामसभेने ठराव केला की १ जूनपासून शेतकरी संपावर. खरं तर इतकी साधी आणि इतकी जबरदस्त कल्पना, आणि ती व्हॉट्सअॅपवरून गावागावात गेली, कोणत्या संघटनेची नाही म्हणून सगळ्यांना आपली वाटली. १ जूनला दूध रस्त्यावर, टोमॅटो रस्त्यावर, व्हिडिओच व्हिडिओ. मग दुसऱ्याच रात्री कोअर कमिटीतले काही जण वर्षा बंगल्यावर मुख्यमंत्र्यांशी बोलायला गेले, पहाटेपर्यंत चर्चा चालली, त्यात किसान सभेचे अजित नवले उठून बाहेर आले आणि बाकीच्यांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. सकाळ उजाडली तसा ग्रुपवर नुसता जाळ. विकले गेले, कोणी दिला तुम्हाला अधिकार, कोण तुम्ही. आणि हा प्रश्न चुकीचा पण नव्हता, खरंच कोणी दिला होता? ज्या फॉरवर्डने संप उभा केला त्या फॉरवर्डमध्ये 'सरकारशी बोलायला कोण जाणार' ही ओळ नव्हतीच. त्यानंतर नाशिकला बैठक होऊन सुकाणू समिती झाली, ११ जूनला तत्त्वतः कर्जमाफी आणि २४ जूनला ३४ हजार २२ कोटींचा आकडा जाहीर झाला. पण मग निकष आले, ऑनलाइन अर्ज आले, याद्या आल्या, आणि सुकाणू समितीतली एकी काही महिन्यांतच विरली. संप पुकारणाऱ्या गावावर २०२२ च्या जूनमध्ये परत धरणं धरायची वेळ आली.

मराठा क्रांती मोर्चाची गोष्ट यापेक्षा मोठी आणि जास्त गुंतागुंतीची. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला मूक मोर्चा, आणि पुढच्या वर्षभरात एकूण ५८. ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. घोषणा नाही, पुढे मुली, मग बायका, मग पुरुष, पुढारी सगळ्यात मागे, कलेक्टरला निवेदन द्यायला मुलीच जाणार, आणि मोर्चा पुढे सरकला की मागून पोरं पाण्याच्या बाटल्या उचलतायत. पार्किंगचे नकाशे, आचारसंहिता, कुठे थांबायचं, अँब्युलन्सला वाट कशी द्यायची, सगळं व्हॉट्सअॅपवर आधी पोचलेलं. इतकी शिस्त त्या आकाराच्या गर्दीत मी तरी दुसरीकडे बघितली नाही, आणि मागणी पटो न पटो हे मान्य करावंच लागेल.

पण मौनाची एक अडचण होती. चेहरा नको, नेता नको, व्यासपीठावर पक्षवाला नको, हे ठरवून केलं होतं आणि त्यामुळेच एवढे लोक आले. तेच सरकारशी बोलताना आडवं आलं. ९ ऑगस्ट २०१७ ला भायखळ्याच्या राणीच्या बागेपासून आझाद मैदानापर्यंत मोर्चा आला, शिष्टमंडळ भेटलं, वसतिगृहं, फी सवलत, उपसमिती अशा घोषणा झाल्या, पण त्या मान्य आहेत की नाहीत हे सांगायचं कोणी? प्रत्येक जिल्ह्यात समन्वयक, एका जिल्ह्यात चार समन्वयक, चौघांचे चार ग्रुप. २०१८ ला मूकचं 'ठोक' झालं, नोव्हेंबरमध्ये मराठ्यांना १६ टक्के आरक्षणाचा कायदा आला, हायकोर्टाने टक्के कमी करून टिकवला आणि ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला. कोर्टातली लढाई रस्त्यावरच्या आकड्याने लढता येत नाही, हे ५८ मोर्चांनंतर कळणं म्हणजे वाईटच.

मग २०२३ मध्ये मनोज जरांगे आले, आणि माझ्या मते त्यांनी मूक मोर्चात जे नव्हतं तेच नेमकं आणलं. एक गाव, अंतरवाली सराटी. एक माणूस, जो हो किंवा नाही म्हणू शकतो. १ सप्टेंबरच्या लाठीमाराचे व्हिडिओ फिरले आणि रातोरात राज्य पेटलं, पण पुढची पद्धत बघण्यासारखी होती, मंत्री आले की चर्चा बंद खोलीत नाही, माईक चालू ठेवून सगळ्यांच्या देखत. वर्षावरच्या रात्रीचा धडा कोणी मुद्दाम घेतला होता की आपसूक झालं माहीत नाही, पण 'विकले गेले' म्हणायला जागाच ठेवली नाही. याची दुसरी बाजू अशी की सगळं एका माणसाच्या तब्येतीवर आणि शब्दावर येऊन बसलं. जानेवारी २०२४ मध्ये वाशीला गुलाल उधळला, तो मसुदा तसाच राहिला, फेब्रुवारीत १० टक्के आरक्षणाचा वेगळा कायदा आला जो त्यांची मागणीच नव्हती, त्यांना कुणबी दाखले देऊन ओबीसीतून आरक्षण हवं होतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परत आझाद मैदान, २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याचा जीआर. लगेच ओबीसी संघटना विरोधात उतरल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि दाखल्यांचं काम गाव पातळीच्या समित्यांकडे.

सरकारं पण या काळात शिकली, हे विसरू नका. २६ फेब्रुवारी २०२४ ला जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीडमध्ये नेट बंद केलं होतं. तीन शेती कायद्यांविरोधात दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते तेव्हा जानेवारी २०२१ अखेर सिंघू, टिकरी, गाझीपूरला नेट बंद, १ फेब्रुवारीला आंदोलनाशी संबंधित बरीच ट्विटर अकाउंट अडवली गेली, टूलकिटवरून, म्हणजे आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा हे सांगणाऱ्या ऑनलाइन कागदावरून अटक झाली. जे आंदोलन फक्त फोनवर उभं असतं ते अशा वेळी आंधळं होतं.

दिल्लीचं तसं झालं नाही, कारण तिथे पंजाबच्या ३० च्या वर संघटना आधीपासून गावागावात वर्गणी गोळा करत होत्या. विज्ञान भवनात मंत्र्यांशी चर्चा असायची तेव्हा ४० च्या आसपास नेते एकत्र जायचे, सरकारी जेवण नको म्हणून लंगरचं जेवण घेऊन जायचे आणि तिथेच जमिनीवर बसून खायचे. जानेवारीत सरकारने कायदे दीड वर्ष स्थगित ठेवतो म्हटलं, ते उत्तर लगेच ट्विट झालं नाही, सगळ्या संघटनांची बैठक बसली, वाद झाले, मग नाही म्हणून कळवलं. सोशल मीडिया त्यांनीही सोडला नाही, किसान एकता मोर्चाचे हँडल चालवले, 'ट्रॉली टाइम्स' नावाचं छापील वर्तमानपत्र पण काढलं, आणि २६ जानेवारीला लाल किल्ल्यावर गोंधळ झाल्यानंतर सगळं मोडायला आलं तेव्हा शेतकरी नेते राकेश टिकैतांच्या रडण्याच्या व्हिडिओनेच एका रात्रीत माणसं परत आणली. पण आणलेली माणसं टिकवली ती एका हिशोबाने: एक गाव, एक ट्रॅक्टर, १५ माणसं, १० दिवस, मग दुसरी तुकडी. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घ्यायची घोषणा झाली. हमीभावाची मागणी मात्र लटकलेलीच राहिली.

आपल्याकडे या जातकुळीचं आंदोलन म्हणजे किसान सभेचा नाशिक-मुंबई लाँग मार्च. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघाला, १८० किलोमीटर, बहुतेक आदिवासी, कसत असलेली वनजमीन नावावर करा ही मुख्य मागणी. पहिले तीन-चार दिवस मुंबईत कोणाला पत्ता नव्हता. मग कातडं सोललेल्या तळपायांचे फोटो आले आणि शहर हललं. ११ तारखेला सोमय्या मैदानावर मुक्काम होता, दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून ते थकलेले लोक रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. रस्त्यात मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे. त्या फोटोंनी सहानुभूती मिळवून दिली हे खरंच, पण नेत्यांनी सहानुभूतीवर भागवलं नाही, लेखी घेतलं आणि ते विधिमंडळात मांडायला लावलं.

तरी अंमलबजावणी रखडलीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये परत निघाले, नाशिकच्या वेशीबाहेर जेमतेम पोचले तोवर मंत्री लेखी घेऊन हजर. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा, यावेळी कांदा पण होता. विधानसभेत मुख्यमंत्र्यांचं निवेदन झालं तरी मोर्चा उठला नाही, वाशिंदच्या मैदानात तळ ठोकून बसला, आदेश खाली जिल्ह्यापर्यंत जायला लागलेत याची खात्री करून घेतली, वनजमिनीच्या दाव्यांसाठी जी समिती नेमली तिच्यात किसान सभेचे नेते जिवा पांडू गावित आणि आमदार विनोद निकोले यांची नावं घालून घेतली, आणि १८ मार्चला मग लोक घरी परतले.