स्टिअरिंग जड झालं म्हणजे मोटर कमजोरच, असं नाही

ऑफ-रोड साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट असलेल्या, कच्च्या रस्त्यांवरच्या छोट्या) गाड्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: स्टिअरिंग जड लागलं की पॉवर स्टिअरिंगची मोटर कमजोर, मोठी बसवा.

मोटर स्टिअरिंगवरचा जोर सेन्सरने ओळखून मदत करते, आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून भरपूर करंट ओढते. वाटेतलं एखादं अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारा जोड) गंजलेलं असेल, तर धडधाकट मोटरही उपाशी राहते. नवी मोटरसुद्धा तशीच राहील.

म्हणून आधी टायरमधली हवा बघा. पुढच्या डिफरन्शियलचा लॉक (दोन्ही पुढची चाकं एकाच वेगाने फिरवणारा) लावलेला असेल तर तो सोडवा. तो लागलेला असताना स्टिअरिंग जड होतंच. मग पुढची चाकं उचला, फ्रेमखाली भक्कम स्टँड लावा, इंजिन आणि इग्निशन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. अडकत असेल तर दोष स्टिअरिंग आणि चाकांमधल्या भागांत, म्हणजे बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा रॅकमध्ये शोधा.

मोकळं फिरलं, तर चाकं जमिनीवर टेकवून इंजिन चालू करा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी पॉवर स्टिअरिंग युनिटच्या (मोटरच्या) अर्थिंगला लावा आणि कुणालातरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर जोड घासून घट्ट करा. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा. माझ्या मते हीच चाचणी सगळ्यात मोलाची, आणि तीच बहुतेकदा राहून जाते.

मोठे, रुंद टायर लावले असतील, तर मात्र जास्त ताकदीच्या युनिटचा विचार रास्त आहे.