अकियन संघ आणि अक्रोकॉरिंथचा सौदा

प्राचीन ग्रीसमधील अथेन्सचा डेलियन आणि स्पार्टाचा पेलोपनीशियन हे दोन संघ वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांत एकेक बलाढ्य नगर पुढारी होते आणि इतरांनी त्याच्या मागे चालायचे होते. समान दर्जाच्या नगरांनी मिळून राज्यकारभार करण्याचा सर्वांत पुढे गेलेला ग्रीक प्रयोग त्यानंतरचा, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकातला आहे, आणि तो अथेन्समध्ये किंवा स्पार्टात झाला नाही. पेलोपनीस या दक्षिण ग्रीसमधील द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरील अकिया या तुलनेने दुर्लक्षित प्रदेशात तो झाला.

अकियातील बारा नगरांचा जुना संघ होताच. त्याचे मूळ देवस्थान हेलिकी येथे होते. इ. स. पू. ३७३ च्या भूकंपात ते नगर समुद्राने गिळले, आणि पुढे मॅसिडोनियाच्या वर्चस्वकाळात संघही विस्कळीत झाला. इ. स. पू. २८० च्या सुमारास डिमी, पात्राई, ट्रिटाया आणि फाराई या चार नगरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. आरंभी दोन सेनापती निवडले जात, इ. स. पू. २५५ पासून एकच निवडला जाऊ लागला, आणि त्याला लागोपाठ दोन वर्षे पद धारण करण्यास मनाई होती. त्याच्या जोडीला दहा अधिकाऱ्यांचे मंडळ असे. परराष्ट्रसंबंध, युद्ध आणि तह हे विषय संघाकडे होते, अंतर्गत कारभार नगरांकडे. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस लिहितो की येथे कायदे, वजने, मापे आणि नाणी समान होती, आणि सर्वांना वेढणारा एकच तट नसल्यामुळे तेवढे पेलोपनीसला एक नगर म्हणता येत नव्हते. हे वर्णन अभिमानाने फुगवलेले आहे, कारण नगरे आपली नाणीही पाडत होती. तरी त्यामागची दिशा खरी आहे.

इ. स. पू. २५१ मध्ये अरेटस या विशीतल्या तरुणाने आपले सिक्योन हे नगर हुकूमशहाच्या हातून सोडवले आणि ते संघात आणले. सिक्योन डोरियन, म्हणजे अकियनांहून वेगळ्या ग्रीक शाखेचे होते. एका जमातीचा संघ परक्या नगराला बरोबरीचे नागरिकत्व देतो, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. इ. स. पू. २४३ मध्ये अरेटसने रात्रीच्या हल्ल्यात अक्रोकॉरिंथ हा मॅसिडोनियाच्या ताब्यातील बालेकिल्ला जिंकला. सुमारे ५७५ मीटर उंचीचा हा डोंगर कॉरिंथच्या संयोगभूमीवर नजर ठेवतो; तो ज्याच्याकडे, त्याच्या हाती पेलोपनीसचे दार. त्यानंतर मेगारा, इ. स. पू. २३५ मध्ये मेगॅलोपोलिस आणि इ. स. पू. २२९ मध्ये आर्गोस संघात आले. मेगॅलोपोलिसच्या हुकूमशहाने स्वतःहून सत्ता सोडली आणि पुढे तो संघाचा सेनापती म्हणून निवडून आला.

पुढे जो निर्णय झाला, त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. स्पार्टाचा राजा तिसरा क्लिओमेनीस याने इ. स. पू. २२७ मध्ये एफर या राजावर अंकुश ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची सत्ता रक्तपात करून मोडली, कर्जे रद्द केली आणि जमिनीचे फेरवाटप करून नागरिकांची व सैनिकांची संख्या वाढवली. पुढच्याच वर्षी डिमीजवळ हेकाटोम्बायॉन येथे त्याने अकियन सैन्याचा धुव्वा उडवला. त्याची मागणी स्पष्ट होती : संघाचे नेतृत्व आपल्याला द्यावे. इजिप्तच्या टॉलेमीनेही संघाला मिळणारी आर्थिक मदत थांबवून ती क्लिओमेनीसकडे वळवली. संघातील अनेक जण तडजोडीस तयार होते. वाटाघाटीसाठी येत असताना क्लिओमेनीस रक्ताची उलटी होऊन आजारी पडला आणि भेट लांबणीवर गेली, असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. नंतर त्याने अरेटसला वर्षाला बारा टॅलंट (चांदीच्या वजनावरचे मोठे चलनमाप), म्हणजे टॉलेमी देत असे त्याच्या दुप्पट, देऊ केले आणि अक्रोकॉरिंथवर दोघांची संयुक्त शिबंदी ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. अरेटसने तो नाकारला.

त्याने मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस डोसोन याला बोलावले. त्याआधी मेगॅलोपोलिसच्या दूतांमार्फत गुप्तपणे चाचपणी झाली होती, आणि त्यातील काही भाग अरेटसने आपल्या आठवणींतही लिहिला नाही, हे त्याचा समर्थक पॉलिबिअसच नोंदवतो. मदतीची किंमत होती अक्रोकॉरिंथ. कॉरिंथकरांनी अकियनांना निघून जाण्यास सांगून क्लिओमेनीसला बोलावले, तेव्हा किल्ला देऊन टाकण्यातली नैतिक अडचणही दूर झाली. ज्याने एकोणीस वर्षांपूर्वी तो मॅसिडोनियाकडून जिंकला होता, त्यानेच तो इ. स. पू. २२४ मध्ये परत केला आणि आपला मुलगा ओलीस म्हणून दिला.

या निर्णयाची दोन्ही टोकांची परीक्षा आपल्यापुढे आहे. पॉलिबिअस त्यात दूरदृष्टी पाहतो. मात्र तो मेगॅलोपोलिसचा होता आणि त्याचे नगर इ. स. पू. २२३ मध्ये क्लिओमेनीसनेच उद्ध्वस्त केले होते, हे विसरता येत नाही. प्लूटार्क अरेटसला क्षमा करत नाही. आधुनिक अभ्यासकांचा एक गट म्हणतो की स्पार्टाच्या राजाला नेतृत्व दिले असते तर संघच उरला नसता. हा युक्तिवाद वजनदार आहे. तरीही अरेटसच्या भीतीचे केंद्र वेगळे असावे असे वाटते. संघाच्या सभेला एजिऑनपर्यंत जाणे ज्यांना परवडत होते ते मालमत्ताधारक होते, आणि नगरोनगरीचे कर्जबाजारी लोक क्लिओमेनीसकडे आशेने पाहत होते. प्रत्यक्षात त्याने आर्गोसमध्ये कर्जमाफी केलीच नाही, आणि त्याच निराशेतून आर्गोस त्याच्यावर उलटले. ज्या क्रांतीच्या धास्तीने किल्ला विकला गेला, ती क्रांती स्पार्टाबाहेर आलीच नव्हती.

इ. स. पू. २२२ मध्ये सेलासियाच्या लढाईत क्लिओमेनीसचा पराभव झाला आणि तो इजिप्तला पळाला. त्याआधी मँटिनिया जिंकून तेथील लोकांना गुलाम म्हणून विकले गेले आणि नगराला मॅसिडोनियाच्या राजावरून अँटिगोनिया हे नाव मिळाले. हे नामांतर अरेटसच्या हातून झाले. इ. स. पू. २१३ मध्ये तो मरण पावला. प्राचीन लेखक त्याचे कारण मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने केलेला विषप्रयोग सांगतात.

संघ त्यानंतरही टिकला. इ. स. पू. १९८ मध्ये त्याने मॅसिडोनियाची साथ सोडून रोमची बाजू घेतली, आणि इ. स. पू. १९२ ते १९१ या काळात स्पार्टा, एलिस व मेसिनी आल्यावर अवघा पेलोपनीस एका छत्राखाली आला. अक्रोकॉरिंथवरून परकी शिबंदी हटायला मात्र इ. स. पू. १९४ उजाडले, मॅसिडोनियन गेले तेव्हा रोमन बसले होते. इ. स. पू. १६७ मध्ये रोमने एक हजार अकियनांना इटलीत नेले, त्यांत पॉलिबिअस होता. सतरा वर्षांनी परतले ते तीनशेहून कमी. इ. स. पू. १४६ मध्ये कॉरिंथ जाळले गेले.

अमेरिकेच्या राज्यघटनेचा प्रस्ताव चर्चेत असताना, डिसेंबर १७८७ मध्ये तिच्या समर्थकांनी लिहिलेल्या एका लेखात हा संघ पुन्हा उभा राहिला. विजयी आणि सामर्थ्यवान मित्र म्हणजे धन्याचेच दुसरे नाव, असा निष्कर्ष त्यात डोसोनच्या प्रसंगावरून काढला आहे. स्पार्टाच्या स्वारीचा उल्लेख तेथे आहे. क्लिओमेनीसने रद्द केलेल्या कर्जांचा आणि वाटलेल्या जमिनींचा नाही.