कंपवात आणि व्हेगसचं केंद्र: ९० वर्षं मागे पडलेली एक नोंद

फ्रेडरिक लेवी हे तरुण जर्मन डॉक्टर म्युनिकला अलॉइस अल्झायमर यांच्या लॅबमध्ये होते, पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने गेलेल्या लोकांचे मेंदू मायक्रोस्कोपखाली तपासायचे. १९१२ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की काही पेशींच्या आत गोळे जमलेले दिसतात, आणि त्यातली एक मुख्य जागा होती मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या तळाशी, मेडुलामध्ये, व्हेगस नर्व्हचं मागच्या बाजूचं केंद्र. आज ज्यांना लेवी बॉडीज म्हणतात ते हेच गोळे.

व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटकणारा, आणि नाव अगदी बरोबर आहे, कारण ही नस मेंदूतून निघून छाती ओलांडून पार पोटात उतरते. तिच्या या केंद्रातून निघालेले तंतू मुख्यतः पोटाकडे जातात, जठरात ॲसिड किती सुटायचं, आतडी किती हलायची हे आपल्या नकळत तिथून ठरतं. म्हणजे पचनाचा कंट्रोल रूमच म्हणा ना.

पण पुढे गंमत अशी झाली की १९१९ मध्ये ट्रेत्याकॉफ यांना पॅरिसमध्ये तेच गोळे सब्स्टॅन्शिया नायग्रा या वरच्या काळ्या भागात दिसले, गोळ्यांना लेवींचं नावही त्यांनीच दिलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. नंतर याच काळ्या भागातल्या पेशी बनवतात त्या डोपामिन नावाच्या रसायनाचा शोध, १९६० मध्ये पेशंटच्या मेंदूत ते कमी झाल्याचा पुरावा, मग ती कमी भरून काढणारं लेव्होडोपा हे औषध. हे सगळं मोठंच काम आहे, कित्येक माणसं त्यामुळे परत चालायला लागली, फक्त मेडुलातलं केंद्र मात्र मागे पडलं. खरं तर १८१७ मध्ये ज्यांचं नाव या आजाराला आहे त्या खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी आपल्या निबंधात पेशंटच्या हट्टी बद्धकोष्ठाबद्दल लिहिलं होतं!

१९९७ मध्ये कळलं की हे गोळे अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनचे असतात, मग ते रंगवून शोधणं सोपं झालं. २००३ मध्ये जर्मनीतल्या हायको ब्राक यांच्या टीमने बऱ्याच मेंदूंचे काप तपासून ६ टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात गोळे कुठे, तर व्हेगसच्या त्याच केंद्रात आणि वासाच्या भागात, काळा भाग येतो तिसऱ्या टप्प्यात आणि हाताची थरथर त्याच्याही नंतर. वास न येणं, पोट साफ न होणं या तक्रारी थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी का असतात याचं उत्तर इथे मिळायला लागलं, आणि ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना हे वाचून मागचं सगळं आठवेल.

मग ब्राक यांनी पुढचा विचार मांडला की आजार आतड्यात सुरू होऊन व्हेगसवरून वर चढत असेल. पूर्वी अल्सरसाठी व्हेगस कापायचं ऑपरेशन करायचे, तर २०१५ मध्ये डेन्मार्कच्या आणि २०१७ मध्ये स्वीडनच्या रेकॉर्डमध्ये असं दिसलं की ज्यांची मुख्य नस पूर्ण कापली गेली त्यांच्यात पार्किन्सन्स थोडा कमी आहे. डेन्मार्कच्या आकड्यांवर वाद झाला, तो होणारच, फरक लहान होता. शिवाय सगळ्यांच्या मेंदूत हा क्रम जुळत नाही, काहींच्या मेडुलात गोळे नसतातच. म्हणून आता काही संशोधक दोन वाटा मानतात, काहींचा आजार पोटाकडून वर जाणारा आणि काहींचा मेंदूतच सुरू होऊन खाली येणारा, आणि मला स्वतःला हे जास्त पटतं, कारण दोन पेशंट कधी सारखे दिसतच नाहीत.

लेवी ज्यू होते, नाझी आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली, १९५० मध्ये ते अमेरिकेत वारले. त्यांनी दाखवलेल्या त्या जागेकडे लोक पुन्हा वळले तेव्हा त्यांना जाऊन ५० वर्षं होऊन गेली होती.