मिलिटरी ट्रकवाल्यांनो, मधल्या लिंकवरून १२ व्होल्ट घेऊ नका

लिलावातला मिलिटरी ट्रक घेतलेल्यांचा आमच्याकडे येणारा फोन बहुतेक वेळा एकच असतो, बॅटरी नवीन टाकली तरी सकाळी सेल्फ नुसता टक् टक् करतो, अल्टरनेटर गेलाय का बघा. अल्टरनेटर बहुधा ठणठणीत असतो. बॅटरी बॉक्सचं झाकण उघडलं की दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या लिंकच्या बोल्टखाली एक बारीक लाल वायर दाबलेली सापडते, आणि ती गेलेली असते म्युझिक सिस्टिमला नाहीतर मोबाईल चार्जरला.

अमेरिकन लष्कराचा एम३५ घ्या की दुसरा कुठला, हे ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे, १२-१२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, हे तुम्हाला माहितीच आहे. मधून वायर काढली की १२ मिळतात हेही खरं, पण ते सगळे अर्थिंगकडच्या (जिची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते त्या) एकट्या बॅटरीतून जातात. अल्टरनेटरला ते कळत नाही, तो फक्त टोकाटोकाचे २८ व्होल्ट बघतो, आणि चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच जातो, मग उतरलेली १३ च्या आसपास अडकते आणि फुल्ल असलेली १५ वर जाऊन उकळते. एकीत सल्फेट धरतं, दुसरीचं पाणी आटतं, शेवटी दोन्ही भंगारात. वर ही वायर बऱ्याचदा मास्टर स्विचच्या आधीच घेतलेली असते, म्हणजे स्विच बंद करून गाडी उभी केली तरी लोड चालूच.

घरी बघायचं तर इंजिन थोडं रेसवर ठेवून मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोन्ही १४ च्या जवळपास हव्यात, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तीच भानगड. फरक थोडा असेल तर लिंक सोडून दोघींना १२ च्या चार्जरवर एकेक करून फुल्ल चार्ज करा, कधीकधी वाचतात.

खरा उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, इनपुट दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ. आम्ही लावून देतो, बाहेरून आणलात तरी लावून देऊ, फक्त लोडपेक्षा मोठ्या अँपिअरचा आणा. १२ ची सामग्री भरपूर असेल तर बॅटरी इक्वलायझर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांचं चार्जिंग सारखं राखणारं यंत्र, बरा पडतो.

आम्ही एकच बॅटरी विकत नाही म्हणून लोक कुरकुरतात, धंदा करताय म्हणतात. अहो, तरण्या बैलाच्या जोडीला म्हातारा जुंपला तर तरणाच आधी बसतो. जोडी एकाच मेकची, एकाच वयाची लागते, एकटी विकून महिन्याभरात तुमच्या शिव्या खाण्यापेक्षा गिऱ्हाईक गेलेलं परवडलं.

अजून एक, बाहेरचं स्लेव्ह सॉकेट, म्हणजे एका ट्रकवरून दुसऱ्याला जंप द्यायचं सॉकेट, २४ चं आहे, त्यावरून १२ व्होल्टच्या कारला जंप देऊ नका, कारचं इलेक्ट्रॉनिक्स जळतं. आणि रिंगवाल्या डिस्कचं (टायर वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवलेल्या चाकाचं) पंक्चर, हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा नसलेल्याकडे काढू नका, हवा भरताना रिंग उडाली तर माणूस जातो.

गाडी आणताना ती लाल वायर कापून आणू नका, आहे तशी राहू द्या. ती पुढे कुठे कुठे जोडलीये हे शोधण्यातच आमचा अर्धा दिवस जातो, आणि त्याची मजुरी तुमच्याच बिलात लागते.