गेम गाईड आणि फॅनझीन : मुंबईतून पाहिलेली पार्श्वभूमी

१८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरचं एक पुस्तक छापून निघालं. मूळ ग्रंथ संस्कृत, नाव 'विलासमणिमंजरी', लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. छापलं गेलं ते इंग्रजी भाषांतर, 'एसेज ऑन चेस'. खेळ युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला, आणि मजकूर मुख्यतः अडचणीच्या पटस्थितींचा : डाव असा अडला आहे, आता मात कशी करायची. त्यानंतर १८७१ मध्ये औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मा ज्योतिर्विदांनी 'क्रीडाकौशल्य' लिहिलं. पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ कसे मांडायचे, कसे खेळायचे याचं ते संस्कृत पुस्तक. तेही पुढे छापलं मुंबईच्याच श्रीवेंकटेश्वर छापखान्याने.

हे आधी सांगायचं कारण असं, की आज एखाद्या गेमवर स्वतःचं झीन (हौसेने घरच्याघरी काढलेला छोटा अंक) किंवा गाईड (गेम कसा पार करायचा ते सांगणारं पुस्तक) काढायला निघालेल्यांना हमखास वाटतं, आपल्याकडे असलं काही नव्हतंच, सगळं अमेरिका-जपानचं. मग पहिल्याच संध्याकाळी टेम्प्लेट उघडून मुखपृष्ठ करायला घेतलं जातं. प्रत्यक्षात मुंबईत गाईडं होती आणि झीनंही होती. फक्त दोघांची गाठ कागदावर पडली नाही. ती गाठ परदेशात कशी पडली आणि इथे का राहून गेली हे माहीत असलं, तर जुनं काय धुंडाळायचं आणि कुठे, ते ठरवता येतं.

फॅनझीनची, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या झीनची, सुरुवात विज्ञानकथांच्या वाचकांनी केली. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केलं आणि त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापली जायला लागली. वाचकांनी संपादकाला मध्ये न घेता एकमेकांनाच लिहायला सुरुवात केली, त्यातून मंडळं झाली, आणि मे १९३० मध्ये शिकागोच्या सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने 'द कॉमेट' काढलं. पहिलं फॅनझीन म्हणून त्याचंच नाव घेतात. तीन वर्षांनी क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांनी आपल्या घरगुती अंकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरलं, तेही चक्क खलनायकासाठी. आधी बाडात चूक करून बघायची आणि मग बाजारात उतरायचं, ही सोय फॅनझीननेच दिली.

त्या काळातल्या अंकांचं रूप ठरवलं ते यंत्रांनी. हेक्टोग्राफ म्हणजे जिलेटिनचा थर, त्यावर जांभळ्या शाईचं पान उमटवायचं आणि एकेक कागद दाबून काढायचा; पन्नासेक प्रतींनंतर अक्षर पुसट. मिमिओग्राफ, म्हणजे आपल्याकडचं सायक्लोस्टाइल, काही शे प्रती देई. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं किंवा टोकदार लेखणीने कोरायचं. चूक झाली की वर लाल द्रव लावून वाळेपर्यंत थांबायचं. टाइपरायटरचा ठोसा जोरात बसला तर 'ठ'चं पोट कापून खाली पडे आणि छापताना तिथे काळा ठिपका येई. छायाचित्र घेता येत नसे, करडा रंग नाही, मोठ्या अक्षरांची मथळाओळ हाताने काढावी लागे. आज झीनवाले हौसेने जो 'कच्चा' लुक आणतात, त्यातला निम्मा भाग या अडचणींचा आहे. म्हणून जुने अंक बघताना कुठली गोष्ट नाइलाजाने झाली आणि कुठली मुद्दाम केली, हे वेगळं काढायला शिकलं पाहिजे. सगळीच नक्कल केली की पान नुसतं मळकट दिसतं.

त्याच सायक्लोस्टाइलवर मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यावर 'शब्द' निघालं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही तेव्हाची मंडळी. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो', राजा ढाले यांचं 'येरू' आणि अशी बरीच लघुअनियतकालिकं आली. त्यांच्या आगेमागे अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी अलाहाबादहून 'डॅम यू' आणि मग मुंबईहून 'एझरा' काढलं, तेही घरच्याघरी छापून. या सगळ्यांना फॅनझीन म्हणावं का? मला नाही वाटत. फॅनझीन चाहत्याचं असतं. आपली अनियतकालिकं चिडलेल्या माणसांची होती. प्रस्थापित मासिकं आपल्याला छापणार नाहीत, आणि छापली तरी आपल्या अटींवर नाही, म्हणून ती निघाली. पण कामाची रीत एकच : स्वतः लिहायचं, स्वतः कोरायचं, मित्रांकडून पैसे गोळा करायचे आणि अंक हातोहात द्यायचा. १९७६ मध्ये लंडनला मार्क पेरी यांचं 'स्निफिन ग्लू' हे पंक संगीतावरचं झीन निघालं, त्यात हा चिडकेपणा आणि चाहतेपणा दोन्ही एकत्र आले. इथे मात्र तो राग कवितेत आणि पुढे दलित साहित्यात गेला, छंदाकडे वळला नाही. शाळा-कॉलेजांची हस्तलिखितं होती, पण त्यात 'माझा आवडता छंद' हा निबंध असायचा. मारिओच्या तिसऱ्या पातळीचा नकाशा काढलेला मी तरी कुठे पाहिलेला नाही.

गाईडचा इतिहास नेमका इथूनच वेगळा होतो. अमेरिकेत ऐंशीच्या सुरुवातीला पॅकमॅनचे आखीव मार्ग सांगणारी खिशातली पुस्तकं धडाधड खपत होती. त्याच वेळी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या इन्फोकॉम कंपनीच्या 'झोर्क' या नुसत्या शब्दांत खेळायच्या कॉम्प्युटर गेममध्ये अडकलेले खेळाडू मदत मागत होते. माइक डॉर्नब्रुक यांनी त्यांच्यासाठी झोर्क यूजर्स ग्रुप सुरू केला. त्यातून 'इन्व्हिझिक्लूज' आली. ही पुस्तिका जरा निरखून बघण्यासारखी आहे. पानावर फक्त प्रश्न दिसतात, खाली रिकाम्या चौकटी. सोबतच्या खास पेनाने चौकट घासली की अदृश्य शाईतलं उत्तर उमटतं. पहिल्या चौकटीत नुसती दिशा, दुसरीत थोडं जास्त, शेवटच्या चौकटीत सरळ उत्तर. प्रश्न वाचूनच पुढचा भेद कळू नये म्हणून मधूनमधून खोटे प्रश्नही पेरलेले. खेळणाऱ्याला किती मदत हवी हे त्याचं त्याने ठरवायचं, ही कल्पना इतकी नेटकी पुन्हा क्वचितच कोणी वापरली. गाईड काढणाऱ्याने एवढी एक गोष्ट जरी उचलली तरी पुष्कळ झालं.

फॅनझीन आणि गेम यांची गाठ दोन ठिकाणी पडली. अमेरिकेत १९८१ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे मासिक बिल कंकेल, आर्नी कॅट्झ आणि जॉइस वर्ली यांनी सुरू केलं, आणि ही मंडळी विज्ञानकथांच्या फॅनझीनमधूनच तयार झालेली. जपानमध्ये तर मैदान तयारच होतं. डिसेंबर १९७५ मध्ये तोक्योला पहिलं कॉमिकेट, म्हणजे हौशी कॉमिक्सचा बाजार, भरलं, तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. हौशी अंक विकायची रीतसर जागा झाली. १९८३ मध्ये 'झेवियस' या आर्केड गेममध्ये एक कोटी गुण कसे करायचे याचं घरगुती गाईड निघालं. त्याच साली सातोशी ताजिरी यांनी हाताने लिहिलेलं, झेरॉक्स काढून स्टेपल मारलेलं 'गेम फ्रीक' सुरू केलं. केन सुगिमोरी यांना ते दुकानात दिसलं आणि ते चित्रं काढायला येऊन मिळाले. १९८९ मध्ये याच नावाची गेम बनवणारी कंपनी झाली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये पोकेमॉन आला. मधल्या काळात, १९८५ मध्ये, 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं गाईड जपानात त्या वर्षीचं सगळ्यांत खपाचं पुस्तक ठरलं होतं. अमेरिकेत मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने हे काम १९८८ पासून 'निन्टेन्डो पॉवर' या मासिकातून स्वतःकडेच घेतलं.

मुंबईत तेव्हा काय होतं? लॅमिंग्टन रोडवर सामुराई आणि लिटल मास्टर ही निन्टेन्डोच्या गेमयंत्राची नक्कल केलेली यंत्रं मिळत, आणि '९९९९९९ इन वन' असं लिहिलेल्या कार्ट्रिज. त्यात मोजके गेम वारंवार फिरून येत. खोक्यात गेमविषयी चिटोराही नसे. माहिती तोंडोतोंडीच पसरायची. 'कॉन्ट्रा' या गेममध्ये तीस जीव मिळवायची 'वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए' ही चावी चाळीतल्या पोराला कोणी दिली हे त्यालाही सांगता आलं नसतं. ती मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा गेम तपासताना स्वतःच्या सोयीसाठी घातली होती आणि काढायची राहून गेली. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॅपकॉम कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' सगळ्यांना 'मुस्तफा' म्हणूनच ठाऊक. खऱ्या नावाने विचारलं तर पार्लरवाला नाही म्हणून सांगे. जुन्या खुणा शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. इथल्या गेमना इथली नावं आहेत, आणि शोध त्याच नावांनी घ्यावा लागतो.

लिखित असं जे काही होतं, ते सायबर कॅफेच्या काळात आलं : चीट कोडची, म्हणजे टाइप केले की गेममध्ये आयता फायदा देणाऱ्या शब्दांची, वही. 'व्हाइस सिटी' हा गेम इथल्या प्रत्येक कॅफेत होता आणि तासाचे पंधरा-वीस रुपये मोजून आलेल्या मुलाला वेळ वाया घालवणं परवडत नसे. म्हणून गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने, डावीकडे कोड, उजवीकडे त्याचं फळ. 'पॅन्झर' म्हणजे रणगाडा. 'लीव्हमीअलोन' म्हणजे पोलीस मागून हटतात. तब्येत पूर्ववत करणाऱ्या 'ॲस्पिरिन'ला शेवटी जास्तीचा 'ई' लागतो, आणि शाळेत स्पेलिंग पक्कं असलेली मुलं नेमकी तिथेच अडायची. एकाने 'ई' गाळला की त्याच्यावरून उतरवून घेणाऱ्या सगळ्यांच्या वह्यांत तो गळलेला. पोथ्यांत पाठभेद होतात तसंच. माझ्या मते मुंबईचं खरं गेम गाईड हीच वही. सुबक नव्हती, मराठी-इंग्रजीची खिचडी होती, पण ती हाताने लिहिलेली, वाटलेली आणि वापरून फाटलेली होती. एकाने जरी त्या पानांचं झेरॉक्स काढून पिना मारल्या असत्या तर आपल्याकडेही 'गेम फ्रीक'सारखं काही उभं राहिलं असतं का, हा प्रश्न मला सुटत नाही. झेरॉक्सची दुकानं तर कॅफेच्या शेजारीच होती.

बाहेर तोवर छापील गाईडची सद्दी उतरणीला लागलेली. नोव्हेंबर १९९५ मध्ये गेमएफएक्यूज हे संकेतस्थळ सुरू झालं आणि हौशी लोकांनी नुसत्या अक्षरांत, कीबोर्डच्या चिन्हांची चित्रं रचून, शंभर शंभर पानांची गाईडं फुकट लिहिली. त्यांची एक सवय फार चांगली होती : सुरुवातीलाच आवृत्तीचा क्रमांक, तारीख, या वेळी काय सुधारलं आणि चूक कोणी दाखवली त्याचं नाव. 'निन्टेन्डो पॉवर' डिसेंबर २०१२ च्या अंकाने थांबलं. गाईडचे मोठे प्रकाशक प्रायमा गेम्स यांनी २०१८ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ खुद्द गेमच टिकेनासे झाले. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली, पुढच्या वर्षी तो नव्या नावाने परतला, आणि दर अद्ययावतीकरणात बंदुकांचे हिशेब बदलत राहिले. अशा गेमच्या गाईडवर तारीख नसेल तर त्याचा कागद फुकट.

आता शोधायचं कुठे, ते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने पुस्तकाची प्रत मिळण्याचा हक्क असलेल्या देशातल्या चार ग्रंथालयांपैकी एक मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, टाउन हॉलमध्ये. पण 'खाजगी वितरणासाठी' असं छापून मित्रांत वाटलेला अंक तिथे कोण जमा करणार? म्हणून १८९८ च्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात करावी आणि मग किंग्ज सर्कल आणि फोर्टच्या फुटपाथवरच्या रद्दीत हात घालावा. कॉम्प्युटर मासिकांचे जुने अंक तिथे अधूनमधून येतात. मुंबईच्या कवींचे कागद पाहायचे तर विचित्र वाटेल, पण बॉम्बे पोएट्स अर्काइव्ह अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आहे. विज्ञानकथांच्या फॅनझीनचा रस्टी हेवेलिन यांचा मोठा संग्रह आयोवा विद्यापीठाकडे आहे. जुन्या गेम मासिकांसाठी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५ पासून आपलं डिजिटल ग्रंथालय लोकांसाठी उघडलं आहे. आज कोण काय काढतं आहे हे बघायला बॉम्बे अंडरग्राउंड या गटाचा बॉम्बे झीन फेस्ट आहे. तिथे अंक नुसता चाळू नये, उलगडून बघावा. सोळा पानांच्या अंकात सगळ्यात बाहेरच्या कागदावर सोळा आणि एक शेजारी येतात, मागे दोन आणि पंधरा. बेरीज दर वेळी सतरा. नकाशा दोन पानांवर पसरायचा असेल तर तो आठ-नऊवरच का बसतो, हे एकदा पिना काढून बघितल्यावर पक्कं डोक्यात बसतं.

राहिला हक्कांचा मुद्दा. गेम पार करायची रीत कोणाच्या मालकीची नसते. ती सांगणारी वाक्यं, नकाशे आणि चित्रं असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क चालतो. व्हिडिओ गेमच्या गाईडांचं वयच अजून पन्नास झालेलं नाही, त्यामुळे त्यांतलं एकही त्यातून मोकळं झालेलं नाही, आणि कोलटकर-चित्र्यांच्या कविताही नाहीत. जुन्या गाईडातून मांडणी शिकावी, कुठे खेळाडू अडतात ते टिपून घ्यावं. नकाशा मात्र स्वतः खेळून स्वतःच्या हाताने काढावा लागतो.