पंचावन्न लिटर कोणाचे?

मे महिन्यात आमच्या सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक, अमुक गावाला रोज माणशी ५५ लिटर पाणी मिळतं. दुसरी, अमुक गावात टँकरची मागणी. यंदा गंमत अशी झाली की दोन्ही बातम्यांतलं गाव एकच होतं. (नाव नको, ते कुठलंही असू शकतं.) मी ते पान नववीच्या वर्गात नेलं आणि विचारलं, यातली खोटी बातमी कुठली? पोरं एका सुरात म्हणाली, पहिली. मला मात्र वाटत होतं की दोन्ही खऱ्या असाव्यात.

हा ५५चा आकडा जलजीवन मिशनचा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी ही योजना जाहीर झाली. ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज निदान ५५ लिटर पाणी, असं तिचं उद्दिष्ट. आकडा माणशी असला तरी तो काढतात टाकीच्या पाण्याला डोक्यांनी भागून. भागाकार झाला की कोणाच्या हंड्यात किती पडलं याचा पत्ता लागत नाही.

आधी पावसाचं निस्तरून टाकतो, कारण कोकणात पाण्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणणारच, "एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे?" एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावर वर्षाचा ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर धरले, तर जवळजवळ तीन वर्षं पुरेल इतकं. अडचण साठवणीची आहे. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस काढायचे तर ३३,००० लिटरची टाकी लागते, म्हणजे चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटरपेक्षा थोडी जास्त खोल. आमच्या जांभ्या दगडाला भोकंच भोकं, त्यामुळे सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, पडलेलं पाणी झिरपून उतारावरच्या झऱ्यांतून निघून जातं. नद्याही आखूड, सह्याद्रीतून निघाल्या की लगेच खाडीत.

याच झिरपलेल्या पाण्याच्या जोरावर आमच्याकडचे पाणाड्येही, म्हणजे विहिरीची जागा सांगणारे, पोट भरतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरायचं, तो उभा राहिला की तिथे विहीर. त्याची परीक्षाही गणिताने घेता येते. सखल जागी, माडांच्या बागेत, बहुतेक कुठेही खणलं तरी पाणी लागतं. मग नारळ उभा राहिला तिथे लागलं यात नारळाचं कर्तृत्व किती? नारळ आडवाच राहिला तिथे खणून पाहिल्याशिवाय ते कळणार नाही, आणि तिथे कोणी खणत नाही. कोरड्या गेलेल्या विहिरींची यादी कुठलाच पाणाड्या ठेवत नाही.

आता हंडा. हंड्यात पाणी किती मावतं, असं वर्गात विचारलं तर उत्तरं १० ते २५ लिटरपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी एकीने घरून स्टीलचा हंडा आणला. एक लिटरची पाण्याची बाटली भरायची, हंड्यात ओतायची, फळ्यावर रेघ मारायची. चौदा रेघा झाल्या आणि पंधराव्या बाटलीला पाणी काठावरून ओघळलं. मी १४ लिटर लिहिणार तेवढ्यात डबे द्यायला आलेली तिची आजी दारातूनच म्हणाली, "काठोकाठ कोण भरता? चढणीर सगळा पाणी आंगार सांडता." मग आजीला वाटलं तिथपर्यंत भरून पुन्हा मोजलं, तर १३ लिटर. प्रयोगशाळेच्या भाषेत हा भांड्याची क्षमता आणि त्यात प्रत्यक्ष भरलेलं पाणी यांतला फरक; आजीच्या भाषेत चुंबळ भिजू नये इतकं. घरात रोज १०० लिटर हवेत तर आठ खेपा. विहीर पाव किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार किलोमीटर, त्यातले दोन डोक्यावर तेरा किलो पाणी घेऊन, वर हंड्याचं वजन वेगळं.

आता मुख्य गोष्ट. समजा एका वाडीत दहा घरं आहेत, प्रत्येकात पाच माणसं. टाकीतून रोज २७५० लिटर सुटतात. पन्नास माणसांत भागले तर माणशी ५५, म्हणजे उद्दिष्ट पूर्ण. पण घराघरांत पोचलेलं पाणी लिटरमध्ये असं आहे: १००, १००, १२०, १३०, १५०, २००, २५०, ४००, ६००, ७००. बेरीज करून बघा, २७५०च येते. सरासरी घराला २७५ लिटर मिळतात आणि असं एकही घर त्या वाडीत नाही. दहांतली सात घरं सरासरीच्या खाली आहेत. आमच्या पाठ्यपुस्तकात सरासरीला 'मध्य' म्हणतात आणि चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या संख्येला 'मध्यक'. एका 'क'चा फरक, त्यामुळे पोरं परीक्षेत हमखास घोटाळतात. इथे मध्यक १५० आणि २०० यांच्या मधला, म्हणजे १७५. माणशी ३५ लिटर. बातमीत मध्य छापून येतो, टँकर मागणारा मध्यकाच्या खालून बोलत असतो.

मध्यकही सगळं सांगत नाही. सगळ्यात वरच्या घराने ७००ऐवजी २००० लिटर ओढले तरी मध्यक जागचा हलत नाही. म्हणून मी पोरांना माझी आवडती रेषा शिकवतो, अभ्यासक्रमात नसली तरी. १९०५ साली मॅक्स लोरेन्झ नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने ती मांडली. आलेखाचा कागद घ्या, दहा बाय दहा चौकोन आखा. आडव्या बाजूला घरं, सगळ्यात कमी पाणी मिळणाऱ्यापासून सुरुवात. उभ्या बाजूला आतापर्यंतच्या पाण्याचा एकूण पाण्यातला वाटा. पहिलं घर: २७५० पैकी १००, म्हणजे ३.६ टक्के. दोन घरं मिळून ७.३. पाच घरं, म्हणजे अर्धी वाडी, मिळून फक्त २१.८. आठ घरांनंतर ५२.७ आणि दहाव्याला १००. ठिपके जोडले की रेष सुरुवातीला जमिनीला चिकटून सरपटते आणि शेवटी एकदम उभी चढते. सगळ्यांना सारखं मिळालं असतं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ कर्ण आला असता. कर्ण आणि रेष यांच्यामध्ये जे पोट सुटतं, ती विषमता.

ते पोट मोजायचं म्हणजे चौकोन मोजायचे, अर्धे-पाव जुळवून. कर्णाखाली ५० चौकोन, आपल्या रेषेखाली साधारण साडेतीस. पोटात साडेएकोणीस. त्याला ५०ने भागलं की ०.३९. हाच गिनी गुणांक. शून्य आला तर सगळे सारखे, एकाच्या जवळ गेला तर सगळं एकाच घरात. कोर्राडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ साली विषमतेचं हे माप दिलं. हाच गिनी पुढे मुसोलिनीचा समर्थक झाला आणि फॅसिझमला शास्त्रीय आधार आहे असं लिहू लागला. माप चांगलं असलं म्हणजे मापणाऱ्याची मतं चांगली असतात असं नाही, हे मी पोरांना सांगतोच.

मग एकाने विचारलं, पाणी कमी-जास्त होतं तरी का? कोणी चोरतं का? कधी मोटार लावून ओढतातही, पण चोरी नसली तरी हे होतं. टाकी उंचावर, घरं उतारावर. एक घर टाकीच्या ४ मीटर खाली, दुसरं १६ मीटर खाली. टोरिचेल्लीने १६४४ साली दाखवलं की छिद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ४चं वर्गमूळ २, १६चं ४. म्हणजे नळ सारखा, वेळ सारखी, तरी खालच्या घराला दुप्पट पाणी. पाइपातलं घर्षण धरलं तर हिशेब किचकट होतो, पण रोख तोच. त्यात खालचे नळ उघडले की पाइपातला दाब उतरतो आणि वरचा नळ नुसता फुसफुसतो. पाणी सोडणारा माणूस "सगळ्यांना अर्धा तास" म्हणतो तेव्हा तो प्रामाणिकपणे असमान वाटप करत असतो. खालच्या भागाला वेगळा व्हॉल्व्ह असेल तर खाली १५ मिनिटं आणि वर ३० हे जास्त न्याय्य. आमच्याकडचे धनगरवाडे बरेचदा उंचावर, सड्याच्या कडेला असतात, हे नकाशात बघून पोरांना आपोआप कळलं. मला काही बोलावं लागलं नाही.

वाट्याचा प्रश्न कोकणाला नवा नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तोवर तो ठराव कागदावरच होता. ठरावातला हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांची वजाबाकी त्या दिवशी सगळ्यांसमोर झाली.

लिटर मोजून झाले की मिनिटं मोजायला लावतो. आठ खेपा कोणी घातल्या, हे वहीत लिहून आणायचं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत, त्या कामाची रोजची सरासरी बायकांची २९९ मिनिटं आली, पुरुषांची ९७. वर्गातल्या मुलांनी हा आकडा ऐकून एकमेकांकडे बघून हसणं आणि मुलींनी अजिबात न हसणं, हे मी दरवर्षी बघतो.

यंदा तास संपता संपता शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, आमच्याकडे नळच नाय. आमचा घर खंय धरलात?"

धरलंच नव्हतं. माझ्या दहा घरांची यादी म्हणजे नळजोडण्यांची यादी होती. अकरावं घर शून्य लिटरने जोडलं. सरासरी २७५वरून २५० झाली, मध्यक १५०वर उतरला, म्हणजे माणशी ३०. रेष पुन्हा काढावी लागली, पहिला ठिपका आता थेट आडव्या बाजूवर बसला. घंटा झाली होती, तरी पोरं चौकोन मोजत राहिली. फळ्यावरचा ०.३९ त्या मुलानेच पुसला आणि ०.४४ लिहिला.