पेशीला थांबवतं कोण? यीस्टमधल्या चेकपॉइंटची पार्श्वभूमी

डीएनएची प्रत पुरी झाल्याशिवाय पेशी विभागत नाही, हे निरीक्षण जुनंच. प्रश्न होता तो कारणाचा. अर्धवट प्रत हाताशी असताना विभागणी मुळात जमतच नाही, की जमत असूनही पेशी स्वतःला रोखून धरते? याचा निवाडा यीस्टने दिला.

लीलँड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास सिएटलमध्ये बेकरीच्या यीस्टचे ‘सीडीसी’ (सेल डिव्हिजन सायकल, म्हणजे पेशीविभाजनाचं चक्र बिघडलेले) उत्परिवर्तित वाण जमवायला सुरुवात केली. हे वाण २३ अंश सेल्सिअसला नीट वाढत, पण ३६ अंशांना नेले की चक्राच्या ठरावीक टप्प्यावर अडकत. कुठे अडकले ते पेशीला फुटणाऱ्या कळीच्या (नव्या पेशीच्या कोंबाच्या) आकारावरून ओळखायचं. अनेक वाणांत मोठी कळी, डंबेलसारखी पेशी आणि मानेपाशी एकच केंद्रक दिसे. यातली काही जनुकं पुढे चक्क प्रतिकरणाच्या, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याच्या, एन्झाइमांची निघाली: सीडीसी९ डीएनएचे तुकडे जोडणाऱ्या लायगेजचं, सीडीसी१७ नवी साखळी विणणाऱ्या पॉलिमरेज अल्फाचं.

१९८८ मध्ये टेड वायनर्ट आणि हार्टवेल यांनी रॅड९ जनुक नसलेल्या पेशींवर क्ष-किरण सोडले. साध्या पेशी डीएनए दुरुस्त होईपर्यंत थांबतात. या थांबल्या नाहीत, तुटक्या गुणसूत्रांसह विभागल्या आणि मेल्या. मग तशा पेशींना विभागणीसाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका बनू न देणारं औषध देऊन काही तास जबरदस्तीने थांबवलं, तर बऱ्याच वाचल्या. म्हणजे दुरुस्तीची क्षमता शाबूत होती, फक्त सवड मिळत नव्हती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग हाच. सीडीसी९ आणि रॅड९ दोन्ही बिघडलेल्या पेशींतही तेच घडलं: लायगेज बंद, तरी पेशी विभागणीत शिरल्या. एन्झाइम बंद पडणं हा स्वतः अडथळा नव्हताच. तो पेशीला मिळालेला इशारा होता आणि थांबवणारं यंत्र वेगळं होतं. ‘चेकपॉइंट’, म्हणजे आधीचं काम पुरं होईपर्यंत पेशीला रोखणारी तपासणी चौकी, ही कल्पना दोघांनी १९८९ मध्ये मांडली.

मात्र हायड्रॉक्सियुरिया या रसायनाने डीएनएच्या कच्च्या मालाचा पुरवठा तोडला, तर रॅड९ नसलेल्या पेशीही थांबत. म्हणजे वाट आणखी एक होती. मेक१ आणि रॅड५३ ही कायनेज (दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारी एन्झाइमं) मात्र दोन्ही वाटांना लागत. १९९५ मध्ये स्टीफन एलेज यांच्या गटाला दिसलं की प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज एप्सिलॉन या एन्झाइमचं शेपूट बिघडलं, तर प्रत अर्धवट असतानाच पेशी विभागणीकडे निघते. प्रत काढणारं एन्झाइमच पहारेकरी, हा निष्कर्ष मोहक होता. पण तो जरा जपूनच घ्यावा लागतो. एप्सिलॉन काटा (डीएनएचे दोन धागे सुटून प्रत निघते ती दुफाट्याची जागा) उभारायलाही लागतं, आणि पुरेसे काटेच उभे राहिले नाहीत तर इशाराही क्षीणच निघणार.

पुढे चित्र भरत गेलं. पॉलिमरेज अडखळतं, धागे सोडवणारं हेलिकेज पुढे उलगडत राहतं, आणि मध्ये एकेरी डीएनए उघडा पडतो. त्यावर आरपीए प्रथिन बसतं आणि डीडीसी२ या जोडीदार प्रथिनाच्या मदतीने मेक१ तिथे येतं. काट्याबरोबर फिरणारं आणि एप्सिलॉनला चिकटणारं एमआरसी१ हे प्रथिन हा इशारा रॅड५३ पर्यंत नेतं. रॅड५३ मग विभागणी लांबवतं, अडलेले काटे कोसळू देत नाही, आणि एसएलडी३ व डीबीएफ४ या प्रथिनांवर फॉस्फेट चढवून उशिरा सुरू होणारे प्रतिकरणाचे आरंभबिंदू बंद ठेवतं.